आतल्या खोलीतल्या लॅपटॉपसाठी एक्स्टेंडर घेऊ की पडून असलेला जुना राउटर वापरू?

मोडेम पुढच्या खोलीत, लॅपटॉप आतल्या खोलीत, तिथे वायफायची रेंज जेमतेम. जुना राउटर घरात पडून आहे, पण सगळे म्हणतात तो भंगारात द्या आणि एक्स्टेंडर आणा. शिवाय फोनच्या हॉटस्पॉटवर भागेल का, हेही तुम्ही विचारलंय.

एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र, आणू नका. स्वस्तातल्या एक्स्टेंडरमध्ये रेडिओ एकच असतो. मोडेमकडून घ्यायचं तेही त्यानेच आणि लॅपटॉपला द्यायचं तेही त्यानेच, एकाच चॅनलवर आळीपाळीने. वेग तिथेच साधारण निम्मा होतो. त्यात लोक तो नेमका रेंज नसलेल्या कोपऱ्यात लावतात. मग लॅपटॉपवर रेंज फुल दिसते आणि पान काही उघडत नाही.

जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट वायफायवर देण्यापुरता, लावा. नवा खर्च फक्त मोडेमपासून आतल्या खोलीपर्यंतच्या नेटवर्क केबलचा. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात अंतराचा प्रश्न येत नाही.

आता क्रम नीट पाळा, कारण बहुतेकांचं इथेच फसतं. राउटर अजून मोडेमला जोडू नका. मागचं रीसेटचं छिद्र टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा. लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायची खाच) जोडा आणि खालच्या लेबलवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. आधी वायफायची सेटिंग उरका. सुरक्षा डब्ल्यूपीए२, एन्क्रिप्शन (माहिती गुप्त करायची पद्धत) एईएस. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलंत तर ८०२.११एन चा (त्यानंतरच्या, वेगवान वायफायचा) राउटरही ५४ मेगाबिटच्या जुन्या वेगावर उतरतो, आणि दोष मात्र 'जुन्या मशीन'च्या माथी येतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या आणि मोडेमचा असेल तो सोडून. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही फट २०११ पासून जगजाहीर आहे.

मग लॅनचा आयपी, म्हणजे राउटरचा घरच्या नेटवर्कमधला पत्ता, बदला. मोडेम १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मोडेमची डीएचसीपी यादी (उपकरणांना आपोआप वाटायचे पत्ते) २ पासूनच सुरू होत असेल तर यादीबाहेरचा दुसरा आकडा घ्या. सेव्ह केल्यावर पान अडकेल. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि डीएचसीपी अगदी शेवटी बंद करा. ते आधी बंद केलंत तर राउटर रीस्टार्ट झाल्यावर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि सेटिंगच्या पानावर परत जाता येत नाही. तसं झालंच तर लॅपटॉपला राउटरच्याच मालिकेतला एखादा पत्ता हाताने द्या, रीसेटची गरज नाही.

आता मोडेमची केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन पोर्ट (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा) रिकामा.

"वॅनमध्ये लावलं तरी नेट चालतं, मग बिघडलं कुठे?" हे मी कित्येकदा ऐकलंय, आणि ऐकवणारा दर वेळी स्वतःला जाणकार समजत असतो. बिघडतं ते असं: राउटर आपलं वेगळं नेटवर्क उभारतो आणि पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं. ब्राउझर चालतो, पण मोडेमवरचा प्रिंटर लॅपटॉपला आपोआप सापडत नाही, आतल्या खोलीतल्या फोनला टीव्ही दिसत नाही आणि बाहेरून येणारं कनेक्शन मागणारे गेम कुरकुर करतात. दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर नेटही चालत नाही. ज्याला 'चालतं' एवढंच पुरतं त्याने खुशाल वॅन वापरावं, पण दुसऱ्याला तो सल्ला देऊ नये. ज्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो, तिथे वॅन पोर्ट बहुधा लॅनसारखाच वागतो. तो मोड असेल तर वरचा बराचसा खटाटोप वाचतो.

बिघाड ओळखायच्या खुणा दोन. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर मोडेमच्या डीएचसीपीपर्यंत तो पोचतच नाही: केबल किंवा पोर्ट तपासा. कधी नेट आहे, कधी 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही', असं होत असेल तर जुन्या राउटरचं डीएचसीपी चालूच राहिलंय. दोघंही पत्ते वाटत असतात, आणि ज्याला जुन्याकडून मिळतो तो चुकीच्या गेटवेकडे (इंटरनेटकडे जायच्या दाराकडे) जातो.

वायफायचं नाव आणि पासवर्ड मोडेमचेच ठेवा, म्हणजे खोली बदलली की लॅपटॉप जवळच्याला पकडेल. काही लॅपटॉप दूरच्यालाच चिकटून बसतात. तेव्हा वायफाय एकदा बंद-चालू करा.

फोनचं म्हणाल तर अधूनमधून चालेल, रोजचं काम त्यावर नको. वापरायचाच तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोन केबलने लॅपटॉपला जोडून त्याचं नेट द्या. वायफायची लुडबूड टळते आणि बॅटरीही उतरत नाही. विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' (मोजक्या डेटाचं) करून ठेवा, नाहीतर अपडेटच डेटा खाऊन टाकतील.

काही अटी राहिल्या. जुना राउटर फक्त डब्ल्यूईपी देत असेल तर तो खरंच टाका, ती सुरक्षा २००१ मध्येच मोडली. त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील तर प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच मिळतील. ॲडॅप्टर हरवला असेल तर व्होल्ट आणि पिनची ध्रुवता लेबलशी तंतोतंत जुळवा. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. आणि केबल टाकणं अगदीच अशक्य असेल तर एक्स्टेंडर घ्या, पण दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), आणि तो मोडेम आणि लॅपटॉपच्या मध्ये लावा, जिथे मोडेमची रेंज अजून चांगली आहे.