जुन्या दोन चाकी ट्रॉलीला नवा ट्रॅक्टर जुळत नाही: हूक बदलावा की दांडी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ट्रॉली वडिलांच्या हातची, दोन चाकी. ट्रॅक्टर नवा, पन्नास एचपीच्या आसपासचा, टायर मोठे, त्यामुळे हूक वीतभर वर गेला. ट्रॉलीची कडी, म्हणजे दांडीच्या टोकाचा हूकमध्ये अडकणारा लोखंडी डोळा, तिचं भोकही नव्या पिनेला मोठं होतंय. गावातला वेल्डर म्हणतो, हूकला फूटभर खाली आणि मागे येणारा तुकडा जोडून देतो. मित्र म्हणतो, हायड्रॉलिकच्या खालच्या दोन हातांत भोकांची पट्टी बसवा आणि तिलाच ट्रॉली लावा. आणि तुम्ही यूट्यूबवर अमेरिकेतले गूजनेक ट्रेलर बघून विचारताय की तसं काही इथं जमेल का.

माझं अंबाजोगाईकडं फॅब्रिकेशनचं शेड आहे, ट्रॉल्यांचं काम रोजचंच. आधी उत्तर देतो, मग कारण. ट्रॅक्टरच्या हूकला हात लावू नका. जुळवायची ती ट्रॉलीची दांडी, म्हणजे ट्रॅक्टरला जोडणारा तिचा पुढचा भाग. वेल्डरचा तुकडा नको, मित्राची पट्टी तर अजिबात नको.

गूजनेकचं आधी सांगतो, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. तिकडं पिकअपच्या हौद्यात, मधोमध, मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढं एक बॉल बसवतात. सर्रास चालतो तो २ ५/१६ इंचाचा. ट्रेलरची मान वरून वळून येते आणि त्या बॉलवर बसते. ट्रेलरच्या वजनातला साधारण १५ ते २५ टक्के भार त्या बॉलवर येतो, पण तो एक्सलच्या डोक्यावरच येत असल्यामुळं गाडीचं पुढचं तोंड उचलत नाही. त्यांनाही तुमच्यासारखीच अडचण येते: ट्रेलर जुना, पिकअप नवी आणि उंच, मग ट्रेलरचं नाक वर होतं, नाहीतर हौद्याची कड ट्रेलरच्या मानेला खालून लागते. ते काय करतात? मानेच्या टोकाला एकात एक सरकणारा पाइप असतो, पिन काढून तो खालीवर करतात. म्हणजे उंची ट्रेलरकडं जुळवतात, बॉलची जागा एक्सलवरून हलवत नाहीत. आपल्याला उचलायची आहे ती एवढीच गोष्ट. बाकी नक्कल होणार नाही, कारण ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलवर ड्रायव्हरची सीट असते.

आपला हूक एक्सलच्या मागं असतो. बैलगाडीत माल मागं भरला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलतं, तसंच ट्रॅक्टरचं होतं, फक्त इथं उचलतं ते पुढचं चाक, आणि स्टिअरिंग त्याच चाकावर असतं. हिशेब करून बघा. समजा हूकवर ८०० किलो भार आहे, हूक एक्सलपासून ६० सेंमी मागं आहे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर २ मीटर आहे. ८०० गुणिले ६० भागिले २०० म्हणजे पुढची चाकं २४० किलोनं हलकी झाली. आता वेल्डरनं हूक ३० सेंमी आणखी मागं नेला. भार तोच, पण पुढचा भाग ३६० किलोनं हलका. हे नुसतं उभ्या गाडीचं झालं. खड्ड्यात आदळली की क्षणभर हा भार कितीतरी वाढतो, चढावर आणखी वाढतो. मग ड्रायव्हर म्हणतो स्टिअरिंग हातात राहत नाही, आणि मालक पुढं वजनं टांगायला दुकान शोधतो.

शिवाय तो तुकडा बसतो कशावर? कंपनीच्या हूकचे बोल्ट ठरावीक भार धरायला दिलेले असतात. लांब तुकडा जोडला की तोच भार पहारीसारखा काम करतो, वरचे बोल्ट ओढून काढायला बघतो आणि मागच्या गिअरपेटीच्या हाउसिंगच्या आट्या खातो. हाउसिंग बिडाचं असतं. बिडाला तडा गेला की वेल्डरकडं त्याचं उत्तर नाही, गिअर ऑइल गळत राहतं आणि खर्च ट्रॉलीच्या किमतीच्या पुढं जातो. वॉरंटीचं तर बोलायलाच नको.

मित्राच्या पट्टीबद्दल. ती पट्टी हलक्या कामाला ठीक असते, तीही दोन्ही बाजूंनी आडव्या-तिरप्या दांड्या लावून पक्की केलेली असेल तर. नुसत्या हायड्रॉलिकच्या हातांवर दोन चाकी ट्रॉलीचं नाक टेकवलं तर तो सगळा भार तेलावर राहतो. तेल हळूहळू उतरतं, उंची बदलते, पट्टी डावी-उजवी झुलते. आणि कुणाचा हात चुकून लिव्हरला लागला की ओढायची जागा एक्सलच्या वर जाते. ट्रॅक्टर मागं उलटण्याचे बरेच अपघात ह्याच प्रकारचे: ओढ एक्सलच्या वरून, चाक चिखलात अडकलेलं आणि ड्रायव्हरनं क्लच एकदम सोडला. मागचं चाक फिरू शकत नाही म्हणून ट्रॅक्टरच त्या चाकाभोवती फिरतो. पुढचं तोंड उठल्यावर सावरायला एक सेकंदही मिळत नाही. काळ्या रानात, ऊस भरलेला, रात्रीची वेळ, हे चित्र तुम्हाला वेगळं सांगायला नको. टॉप लिंकच्या, म्हणजे हायड्रॉलिकच्या वरच्या दांड्याच्या जागेला साखळी लावून टोचन करणारे लोकही मी बघतो. त्यांना नमस्कार.

आता ट्रॉलीकडं या. उंचीचा फरक लोक उगाच मोठा करतात, आणि कडीचं भोक, जे खरं धोक्याचं, ते सोडून देतात. कडीपासून एक्सलपर्यंत ४ मीटर असेल आणि नाक २० सेंमी वर झालं, तर ट्रॉली जेमतेम तीन अंश कलते. मालाचा मध्य एक्सलच्या मीटरभर वर धरला तर तो पाचेक सेंमी मागं सरकतो, आणि ५ टनाला हूकवरचा भार साठेक किलोनं बदलतो. एवढ्यानं काही कोसळत नाही. त्रास दुसरीकडं आहे. कडी हूकच्या जबड्यात तिरपी बसते. नाल्यात उतरताना किंवा बांध ओलांडताना तिला वरखाली व्हायला जागा उरत नाही, मग ती पिनेला पहार घालून वाकवते. चार चाकी, दोन एक्सल पाठोपाठ असलेली ट्रॉली असेल तर गोष्ट आणखी वेगळी: नाक वर झालं की मागचा एक्सल सगळं ओझं खातो आणि तेच टायर सारखे फुटतात.

आधी माप घ्या. पेट्रोल पंपासमोर किंवा गोदामाच्या फरशीवर, जिथं जमीन सपाट आहे. टायरमध्ये हवा बरोबर भरा. रिकामी ट्रॉली जॅकवर उचलून चेसीस लेव्हलमध्ये आणा, आणि कडीचा मध्य जमिनीपासून किती ते लिहून घ्या. तसाच ट्रॅक्टरच्या हूकचा. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या हूकला खालीवर दोन-तीन जागा दिलेल्या असतात, पिना काढून हूक खाली बसतो. कित्येकदा तिथंच काम संपतं आणि माझं गिऱ्हाईक जातं. फक्त पीटीओ शाफ्टच्या (मागची यंत्रं फिरवणाऱ्या दांड्याच्या) जागेला अडत नाही ना ते बघा.

तरीही फरक राहिला तर दांडीच्या तोंडाला उंची बदलता येणारं डोकं करून घ्या. जुनी कडी कापायची, समोरच्या त्रिकोणाच्या टोकाला उभ्या दोन जाड प्लेटा लावायच्या, त्यांना एकाखाली एक भोकं, आणि नवी कडी त्यात बोल्टनं बसवायची. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असलं पाहिजे. डोकं गुळगुळीत असलेला बोल्ट फाटकाला चालतो, ट्रॉलीला नाही. उद्या दुसरा ट्रॅक्टर आला तर कडी एक भोक वर किंवा खाली घ्यायची, झालं. लांबी मात्र होती तेवढीच ठेवा. दांडी आखूड केली की वळताना मागचा टायर ट्रॉलीच्या कोपऱ्याला घासतो, आणि खालचे हात वर बांधून ठेवले तरी दांडीला अडतात. एकदा रिकाम्यानंच पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवून बघा.

दांडीचा लोखंडी चॅनल जोडायचाच असेल तर सरळ कापून टोकाला टोक लावू नका. तिरपा काप घ्या आणि आतून प्लेट द्या. वर-खालच्या पात्यांवर आडवा वेल्ड मारणं टाळा, तडा नेमका तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगचे रॉड ७०१८ नंबरचे घ्या, आणि कोरडे. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले रॉड वापरले की वेल्ड वरून छान दिसतो, आतून भुसभुशीत असतो. ६०१३ चे रॉड खिडकी-दरवाजाला उत्तम, कडीला नकोत. वेल्डिंग करताना ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडा. २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना नवे उत्सर्जन नियम लागले, त्यांच्या इंजिनाला कंट्रोलर असतो, वेल्डिंगचा करंट तिथं पोचला तर मोठं बिल येतं. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच लावा, चाकाला नाही, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

कडीचं भोक मोठं झालंय तर आत वॉशर वेल्ड करणं किंवा पिनेला पत्रा गुंडाळणं हे उपाय मी रोज बघतो. लेथवाल्याकडून बुश, म्हणजे भोकात बसणारी जाड नळी, करून घ्या, किंवा नवी कडीच घ्या. भोक गोल राहिलं नसेल, लांबट झालं असेल, तर नवीच. पिनेत खेळ दोन-चार मिलिमीटरचा हवा, बोट शिरेल एवढा नको, कारण प्रत्येक ब्रेकला ट्रॉली तेवढं अंतर पळत येऊन पिनेवर आदळते. पिन बांधकामाच्या सळईची नको, ती वाकते. गाडीच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याची नको, ती न वाकता मोडते, आणि पाट्याच्या पोलादाला वेल्ड लावला तर वेल्डच्या शेजारीच मोडते. खालच्या टोकाला क्लिप हवी. बाइंडिंग तार म्हणजे क्लिप नव्हे. आणि एक साखळी ट्रॅक्टरच्या बॉडीला जाऊ द्या, पिन गेली तर धारूरच्या घाटात ट्रॉली तुमची वाट बघत थांबणार नाही.

खर्च करायच्या आधी चेसीसला तडा आहे का ते बघायची एक स्वस्त रीत. दांडीचा सांधा वायर ब्रशनं पांढरा होईपर्यंत घासा. त्यावर रॉकेल लावा. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग फडक्यानं कोरडं पुसा आणि वरून शाळेचा खडू जाड घासा. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल परत वर येतं आणि खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. रेघ रंगाखाली नुसती दिसत नाही, खडूवर मात्र लपत नाही. दोन-तीन ठिकाणी रेघा आल्या तर दांडीवर पैसे घालू नका, हौदा आणि फाळके तेवढे वापरा, चेसीस भंगारात द्या.

काम झालं की गावाजवळच्या वजनकाट्यावर जा, भरलेली ट्रॉली घेऊन. आधी ट्रॉली काट्याच्या बाहेर सोडून एकटा ट्रॅक्टर तोला. मग ट्रॉली जोडून, तिची चाकं काट्याबाहेर ठेवून, परत ट्रॅक्टर तोला. दोन्हीतला फरक म्हणजे हूकवरचा भार. त्यानंतर फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. एकट्या ट्रॅक्टरच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तरी तिथं दिसला पाहिजे. कमी दिसला तर पुढं वजनं लावा, किंवा माल थोडा मागं घ्या. पण मागंही बेतानं, हूक वर ओढला जाईल इतका नाही. काटेवाला दोन-तीन पावत्या फाडतो म्हणून कुरकुरेल, तेवढं चहावर भागतं.

कागदाचं थोडक्यात: ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम म्हणतं की नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकानं करू नये. कडीचं डोकं बदलणं आणि एक्सल, लांबी किंवा हौदा बदलणं यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारचं काही करायचं असेल तर आधी आरटीओला विचारा, आणि विम्याच्या कागदावर ट्रॅक्टरसोबत ट्रॉलीही लिहिलेली आहे का ते घरी जाऊनच बघा.

डंपिंग ट्रॉली असेल तर एक राहिलंच. जुन्या ट्रॉलीच्या तेलाच्या पाइपाचं तोंड नव्या ट्रॅक्टरच्या कपलिंगला बसेलच असं नाही. ते दुकानात तयार मिळतं, पाइप घेऊनच जा. पाइपाची लांबी पूर्ण वळणावर तपासा, ताणला गेला तर उसाच्या फडात निखळतो.

 कडीच्या भोकाचं माप आणि हूकच्या मध्याची उंची इथंच खाली टाका, प्लेटला भोकं किती आणि कुठं ते सांगतो.