सही दोघांची, फोन मला

प्रश्न : ताई, घटस्फोटाला आठ महिने झाले. जोडखात्यावरचा ओव्हरड्राफ्ट (शिल्लक संपल्यावरही बँकेकडून उचललेली उधारी) त्यानं कार्ड घासत १,४०,००० वर नेला. वसुलीवाले मात्र माझ्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मलाच फोन करतात.
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : करणारच हो! कोर्टाचा हुकूमनामा तुम्हा दोघांतला; बँक त्यात पक्षकार नव्हती. करार कायदा, १८७२, कलम ४३ प्रमाणे ती एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकते. वाट्यापेक्षा जास्त भरलंत तर जादाचे त्याच्याकडून मागता येतात, पावत्या जपा.

पण आधी खातं थांबवा. उद्याच शाखेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा गोल शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच विरतं (अनुभव आहे). मग तडजोडीची रक्कम, म्हणजे किती कमी घेऊन बँक हिशेब मिटवेल, ते विचारा. ठरलं तर लेखी घेतल्याशिवाय रुपया भरू नका.