'शाश्वत वाहतूक' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की युरोपियन युनियनच्या वाहतूक धोरणावरचा मजकूर मराठीत आणताना 'सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट'ला 'शाश्वत वाहतूक' म्हणायचं की 'टिकाऊ वाहतूक'.

'शाश्वत विकास' आता इतका रुळलाय की त्याला हात लावू नये, पण वाहतुकीला तेच विशेषण लावलं की माझी गडबड होते. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं, नश्वरच्या उलट. आणि आपल्याकडे 'वाहतूक' हा एकच शब्द ट्रान्सपोर्टलाही आणि ट्रॅफिकलाही, त्यामुळे 'शाश्वत वाहतूक' वाचलं की मला कल्पांतापर्यंत न हलणारी गाड्यांची रांगच दिसते, आणि धोरण तर नेमकी तीच कमी करायला निघालंय! 'टिकाऊ'ची वेगळी अडचण, तो कापडाचा, रंगाचा, फार तर डांबराचा गुण वाटतो.

गंमत म्हणजे युरोपातही यावर एकमत नाही. युनियनच्या अधिकृत भाषा 24, म्हणजे तोच कागद फ्रेंचमध्ये 'द्युराब्ल' होतो, जो सरळसरळ आपला टिकाऊ, आणि पोलिशमध्ये जो शब्द येतो त्याचा अर्थ 'समतोल साधलेला'. जर्मनांचा 'नाखहाल्टिग' जंगलातून आलाय. सॅक्सनीत खाणी आणि भट्ट्यांसाठी लाकूड संपत चाललं होतं तेव्हा फॉन कार्लोविट्झ नावाच्या खाण अधिकाऱ्याने 1713 मध्ये लिहिलं की झाडं तोडायची ती पुन्हा उगवतील या बेतानेच, आणि तिथून तो शब्द रुजला. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन आहे, त्याचा अर्थ खालून धरून ठेवणं. म्हणजे पेलणं!

म्हणून माझं मत 'झेपणं' आणि 'पेलणं' या क्रियापदांकडे जातं. 'झेपेल अशी वाहतूक' म्हटलं की लगेच विचारता येतं, कुणाला झेपेल? 'शाश्वत'ला हा प्रश्न विचारताच येत नाही, तो शब्द ऐकून लोक फक्त मान डोलावतात. आल्प्सच्या दऱ्यांचंच बघा, उत्तर आणि दक्षिण युरोपातले ट्रक तिथूनच जाणार, तो धूर न् आवाज खोऱ्यातल्या लोकांना झेपेना म्हणून स्वित्झर्लंडमध्ये (ते युनियनमध्ये नाहीत, पण खंड तोच) 1994 मध्ये सार्वमत झालं आणि आरपार जाणारा माल रेल्वेवर घालायचं ठरलं, पुढे 2016 मध्ये 57 किलोमीटरचा गोथार्ड रेल्वे बोगदा सुरू झाला. यात 'शाश्वत' कुठे बसवणार?

युनियनची 2011ची श्वेतपत्रिका घ्या. 300 किलोमीटरपेक्षा लांब जाणारा जो माल रस्त्याने जातो त्यातला 30 टक्के 2030 पर्यंत आणि निम्म्याहून जास्त 2050 पर्यंत रेल्वेवर किंवा जलमार्गावर न्यायचा, आणि वाहतुकीतलं हरितगृह वायूंचं उत्सर्जन 2050 पर्यंत 1990च्या मानाने 60 टक्क्यांनी घटवायचं, असं त्यात होतं. (नंतर 2019च्या ग्रीन डीलमध्ये, म्हणजे युनियनच्या हवामान आराखड्यात, तो आकडा 90 झाला.) आता हे 'शाश्वत मालवाहतुकीकडे संक्रमण' असं लिहिलंत तर वाचणारा दुसऱ्या ओळीला झोपेल, 'लांबचा माल रस्त्यावरून काढून रुळांवर आणि पाण्यावर घालणं' लिहा, विशेषणाची गरजच पडत नाही.

तेव्हा शीर्षकात आणि धोरणाच्या अधिकृत नावात 'शाश्वत' खुशाल ठेवा, शोधणाऱ्याला सापडायला हवं, आत मात्र झेपणं-पेलणं वापरा. राहिलं 'मोबिलिटी', कारण युनियनच्या 2020च्या वाहतूक धोरणाच्या नावातच तो शब्द आहे. 'गतिशीलता' मला भौतिकशास्त्राच्या तासाची आठवण करून देतं. माणसांबद्दल असेल तर 'ये-जा' छान बसतं, फक्त मालाला लावू नका, माल जातो, सहसा परत येत नाही.