काटा भीतीचाच का?

प्रश्न असा आला आहे: ‘ढोल-ताशा सुरू झाला आणि अंगावर काटा आला’ हे वाक्य मुद्रितशोधकाने ‘अंगावर रोमांच उभे राहिले’ असं बदललं. काटा भीतीचा, रोमांच आनंदाचा, असं त्याचं म्हणणं. ते बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकसले की काटा येतो, मग कारण थंडी असो, भुताची गोष्ट असो की ढोल. खुद्द रोमांचही पूर्वी आनंदापुरता नव्हता. नाट्यशास्त्रात तो आठ सात्त्विक भावांपैकी (म्हणजे भावनेने अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी) एक आहे आणि त्याची कारणं दिली आहेत ती स्पर्श, भय, थंडी, हर्ष, क्रोध, रोग अशी. मराठीत त्याला आनंद चिकटला तो नंतर.

मानसशास्त्रातला जुना वाद याच जागेवरचा आहे. विल्यम जेम्सने १८८४ मध्ये मांडलं, की शरीर आधी बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. थरथरतो म्हणून भ्यायलो. वॉल्टर कॅननने १९२७ मध्ये हरकत घेतली: धडधड, घाम हे भीतीत तेच, रागात तेच, तापातसुद्धा तेच. मग नुसत्या धडधडीवरून कळणार काय? १९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर यांनी जीवनसत्त्वाचं औषध म्हणून लोकांना धडधड वाढवणारं अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं आणि शेजारी कधी खिदळणारा, कधी चिडलेला सोबती बसवला. धडधड कशाने होतेय हे ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्यावर सोबत्याचा रंग जास्त चढला. म्हणजे शरीर फक्त उसळतं, नाव आपण प्रसंग बघून देतो. (पुढे इतरांना तसेच निकाल मिळाले नाहीत, तेव्हा हा शेवटचा शब्द समजू नये.)

आपल्या वाक्प्रचारांत दोन्ही जाती आहेत. ‘पोटात गोळा आला’, ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ यांत भावना आधीच ठरलेली. कारण सांगा, न सांगा. पण नुसतं ‘काटा आला’ म्हणा, समोरचा लगेच विचारतो, “का गं, काय झालं?” ‘छातीत धडधडतंय’चंही तेच. निकालाच्या दिवशीही धडधडतं आणि मुलगी बघायला गेल्यावरही.

इथे तर ढोल-ताशा वाक्यातच वाजतोय. काटा राहू द्या. आणि रोमांच ठेवायचेच असतील, तर ‘उभे राहिले’ हे अनेकवचन चालेल. काटा मात्र अंगभर आला तरी सहसा एकवचनीच.