दिग्दर्शकाची वही आणि अभ्यासकाचं टेबल

प्रश्न : बरीच वर्षं नाटकं बसवली, आता नाट्यसंशोधनाकडे वळायचं आहे. तालमीच्या वह्या, प्रॉम्प्ट कॉपी (हालचाली आणि सूचना टिपलेली संहितेची प्रत), फोटो यांचे गठ्ठे घरात आहेत. स्वतःच्याच नाटकांवर प्रबंध लिहिता येतो का?

उत्तर : येतो, आणि तो मोलाचा ठरू शकतो. अमेरिकन दिग्दर्शक आणि अभ्यासक रिचर्ड शेकनर यांनी १९६७ मध्ये द परफॉर्मन्स ग्रुप ही नाट्यसंस्था उभी केली आणि न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापनही केलं. त्यांच्या नाट्यविषयक मांडणीत तालमीच्या अनुभवाचा मोठा वाटा आहे. अडचण वेगळीच आहे. दिग्दर्शकाला आपण काय योजलं होतं ते लख्ख आठवतं, आणि तेच रंगमंचावर घडलं असं तो धरून चालतो. रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कींनी १८९८ मध्ये चेखव यांच्या ‘सीगल’ या नाटकाचा हालचालींसह तपशीलवार आराखडा लिहिला, तो मॉस्कोपासून दूर बसून. सुरुवातीच्या तालमी त्यांचे सहकारी दिग्दर्शक नेमिरोविच-दान्चेन्को घेत होते. असा आराखडा म्हणजे प्रयोगाचा पुरावा नव्हे. तुमची वहीही तशीच वाचा.

एकच नाटक घ्या, त्यातलाही एकच प्रवेश. कागदावर तीन रकाने आखा : आधी योजलेलं, तालमीत ठरलेलं, प्रयोगात झालेलं. प्रत्येक नोंदीपुढे ती कशावरून घेतली ते लिहा. तिसरा रकाना बराच रिकामा राहील. तो आठवणीने भरू नका. प्रबंधाचा खरा प्रश्न बहुधा तिथेच सापडतो.

प्रॉम्प्ट कॉपीत पेन्सिल, निळी शाई, लाल शाई असे थर असतात. कुठला थर आधीचा, हे खोडलेल्या बाणांवरून आणि वर गिरवलेल्या अक्षरांवरून ठरवा. मूळ प्रतीवर आज एक अक्षरही लिहू नका. नंतर जुनी नोंद कुठली आणि नवी कुठली हे तुम्हालाही सांगता येणार नाही. स्टेपलच्या पिना गंजतात, चिकटपट्टी पिवळी पडून कागद खाते. सुटणाऱ्या पिना हलक्या हाताने काढा, पण पट्टी ओढू नका, कागद फाटतो. कोरी पानंही न वगळता रंगीत स्कॅन करा, किमान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके). काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शाईचे थर हरवतात आणि सगळी मेहनत वाया जाते. फाइलच्या नावात नाटक, वहीचा क्रमांक आणि पान क्रमांक हवा. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा.

लिहिताना ‘मी’ लपवू नका. ‘दिग्दर्शकाने असं केलं’ असं तटस्थपणे लिहून तो दिग्दर्शक तुम्हीच असाल, तर परीक्षकाचा विश्वास उडतो.

प्रश्न : त्याच प्रयोगाबद्दल प्रत्येक नट वेगळं सांगतो. कोणाचं धरायचं?

उत्तर : मत विचारलंत की मतच मिळेल. कुठल्या विंगेतून यायचात, हातात काय असायचं, कोणत्या शब्दावर वळायचात, हे विचारा; शक्य असेल तर उभं राहून करून दाखवायला सांगा. फोटो शेवटी दाखवा. आधी दाखवलात तर नट फोटोचंच वर्णन करतो. शिवाय बरेच फोटो प्रयोगातले नसतातच, रंगीत तालमीत कॅमेऱ्यासाठी प्रकाश वाढवून काढलेले असतात. प्रकाशयोजनाकाराची क्यू-शीट (कोणता प्रकाश कधी बदलायचा याची क्रमवार यादी) मिळाली तर क्रमाचा वाद बऱ्याच अंशी मिटतो. आणि मुलाखत शक्यतो दुसऱ्याला घ्यायला लावा. जुन्या दिग्दर्शकासमोर नट त्याला आवडेल तेच सांगतो.