५६व्या वर्षी नोकरी सोडली, तर ४०१(के) मधले पैसे कधी काढता येतात?

अमेरिकेतली नोकरी या वर्षी सोडताय, वय ५६, जवळजवळ सगळी पुंजी कंपनीच्या ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती-बचत खात्यात, आणि जो तो सांगतोय की साडेएकोणसाठपर्यंत हात लावू नका. सांगणारे चूक नाहीत, पण तुमच्या बाबतीत अर्धंच सांगतायत.

साडेएकोणसाठच्या आधी पैसे काढले, तर आयकर भरावा लागतोच, वर १० टक्के दंडही बसतो, हे खरं. पण ज्या वर्षात तुम्हाला ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सुटली, तर त्या कंपनीच्या ४०१(के)मधून काढलेल्या रकमेवर हा दंड नाही. राजीनामा दिला काय नि काढून टाकलं काय, दोन्ही चालतं. आधीच्या कंपन्यांमध्ये पडून असलेल्या खात्यांना मात्र ही सवलत नाही.

आता खरी मेख. नोकरी सुटली रे सुटली की कुणीतरी सल्लागार भेटतो आणि म्हणतो, सगळं आयआरएत (स्वतःच्या नावे उघडलेल्या निवृत्ती-खात्यात) रोलओव्हर करून टाका, म्हणजे हलवून टाका. एरवी सल्ला वाईट नाही. पण पैसे आयआरएत गेले की ५५ची सवलत संपली, पुन्हा साडेएकोणसाठची वाट बघा. माझ्या मते तोवरच्या खर्चाला लागतील तेवढे पैसे ४०१(के)मध्येच राहू द्या, उरलेले हवे तर हलवा. आयआरएतून दरवर्षी ठरलेली रक्कम घेत राहण्याची बिनदंडाची एक सोय आहे, पण ती किमान पाच वर्षं आणि किमान साडेएकोणसाठपर्यंत मोडता येत नाही. म्हणजे तुम्ही ६१पर्यंत अडकलात. मी त्या वाटेला गेलो नसतो.

राजीनामा देण्याआधी प्लॅनवाल्यांना, म्हणजे तुमचं ४०१(के) सांभाळणाऱ्यांना, फोन करून एवढंच विचारा: नोकरी सोडल्यावर थोडे थोडे पैसे काढू देता का? काही प्लॅन एकरकमीच देतात, आणि मग सगळ्या रकमेवर एकाच वर्षी कर भरायची पाळी येते.

हातात येणारा आकडाही आधीच धरून चाला. ४०,००० डॉलर मागितलेत तर २० टक्के, म्हणजे ८,००० डॉलर, कराची आगाऊ कपात होऊन ३२,००० मिळतील. हा दंड नव्हे. रिटर्न भरताना त्याचा हिशेब होतो.

सोशल सिक्युरिटी (अमेरिकेची सरकारी पेन्शन) ६२पासून घेता येते, पण तुमच्या वयाच्या लोकांना पूर्ण रक्कम ६७ला. ६२ला घेतली तर ३० टक्के कमी. आणि ४०१(के)मधून पैसे काढायची सक्ती तुम्हाला ७५व्या वर्षापासून, त्याची चिंता आत्ता नको.

पुढच्या जानेवारीत १०९९-आर (काढलेल्या पैशांची नोंद असलेला कराचा फॉर्म) येईल तेव्हा त्यातली ७ नंबरची चौकट बघा. तिथे २ असेल तर ठीक. १ असेल तर रिटर्नसोबत फॉर्म ५३२९ जोडून सवलत मागावी लागेल, नाहीतर दंड आपसूक लागेल.