छाट, हक्क आणि सुटे पैसे: वाचकांचे प्रश्न

गरिबी ही परिस्थिती. तिला अन्याय म्हणायचं, तर तो केला कुणी?

जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने हे कोडं १८२० च्या सुमारास हाताळलं. निसर्गापुढे कुणाचा हक्क चालत नाही. समाजात मात्र टंचाई ही कुणावर तरी झालेल्या अन्यायाचं रूप घेते, असं तो म्हणतो. सोलापुरात पाऊस ओढ देतो, त्याची फिर्याद कुठे करणार? पण विडीची मजुरी, दिलेल्या पानातून किती विड्या निघायला हव्यात, हे माणसंच ठरवतात. गरिबीवर लिहिणारा तत्त्वज्ञ थॉमस पॉगे तर म्हणतो, असे नियम चालू ठेवणारे नुसते मदत करायला चुकत नाहीत, ते इजा करतात. मला हे पटतं. खलनायक एकच सापडायला हवा, असं थोडंच आहे?

आई विड्या वळते. तिच्याकडे ओळखपत्र आहे, सभेत सत्कारही झाला. आणखी कसली मान्यता हवी?

जर्मन तत्त्वज्ञ अॅक्सेल होनेथ मान्यतेचे तीन धागे सांगतो: जिव्हाळा, हक्क आणि कामाची कदर. आईंना शाल मिळाली, ठीक. आता माल द्यायच्या वेळी बघा. चेकर, म्हणजे माल तपासणारा, मूठभर विड्या उचलतो, दाबून पाहतो, बाजूला सारतो. छाट! म्हणजे नाकारलेला माल. त्या विड्यांची मजुरी गेली. का, असं विचारलं तर पुढच्या खेपेला पान खराब मिळेल ही धास्ती. अमेरिकन विचारवंत नॅन्सी फ्रेझरचा होनेथशी वाद इथेच आहे. तिची कसोटी साधी: बाईला तिथे बरोबरीने बोलता येतं का? त्यासाठी मान लागतो, तसा हातात पैसाही लागतो. पोट त्याच मजुरीवर असेल, तर आवाज कुठून निघणार? सत्कार करणाऱ्यांनी दराबद्दल बोलावं, मग बघू.

घरं, रेशन फुकट दिल्याने लोक आळशी होत नाहीत का?

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या, विडी कामगार बायकांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली १०,००० घरं फुकटची नव्हेत. सरकारी अनुदानाच्या जोडीला कामगार बायकांनी आपला वाटा भरला. आणि रेशन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क झालं आहे.

सिद्धेश्वर मंदिराबाहेर भीक द्यावी का?

द्या, पण पुण्य म्हणून मिरवू नका. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्येच विचारलं होतं: सरकारच्या अन्यायामुळे काहींकडेच संपत्ती साचत असेल, तर त्यातून केलेल्या मदतीला दानधर्म म्हणायचं का? आपल्याकडे तर १९५९ च्या कायद्याने भीक मागणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. सुटे पैसे द्याच, आणि बेघरांच्या निवाऱ्याचं काय, हे नगरसेवकाला विचारा.